हिरडदांडावरची खुंटी

“म्हणजे अजूनही नाही?” श्रीरंगने विचारलं.

रावजीबाबा धुनीतलं लाकूड पुढे सारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय नाही?”

“झोळी. ती माझ्या खांद्यावर कधी येणार?”

झोळी बाबांच्या मागे भिंतीला लटकत होती. भगवा रंग केव्हाच विटलेला, तळाला ठिगळ.

घाटाच्या पायथ्याला बाबांचा मठ. सुगी झाली की बाबा ही झोळी घेऊन वरच्या वाड्या फिरायचे. घराघरातून मूठ-मूठ धान्य घ्यायचे, आजारी माणसाजवळ बसायचे, भावाभावांचं भांडण असेल तर दोघांना एका पानात जेवायला लावायचे. आता त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. ज्याच्या खांद्यावर झोळी त्याचा मठ, असा तिथला रिवाज. आणि शिष्य तर एकटा श्रीरंगच उरला होता. बाकीच्यांना मठातली आमटी मानवली नाही.

हे सगळं मी सांगते आहे, कारण मी वरच्या हिरडदांड वाडीची. ठकूबाईंची सून. मठातलं आणि वाटेतलं बोलणं मला पुढे खुद्द श्रीरंगने सांगितलं, आणि वाडीत जे घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सांगताना वाडीचं पारडं थोडं जड झालं, तर होऊ द्या. माझी वाडी आहे.

“मागच्या साली तुम्हाला चढवलं नाही,” श्रीरंग म्हणाला. “तेव्हा वर कोण गेलं?”

“तू.”

“कसा गेलो?”

“कसा?”

“भरलेली पिशवी घेऊन गेलो आणि रिकामी घेऊन आलो. बाबा, रागावू नका. तुम्ही इतकी वर्षं रिकामी झोळी नेता आणि भरून आणता. गरिबाच्या दारात मूठ मागत उभं राहणं मला बरं दिसत नाही. मी उलटं करून दाखवलं.”

“काय काय नेलं होतंस?”

श्रीरंगचा चेहरा फुलला. पेठेत त्याच्या थोरल्या भावाचं मोठं दुकान. वस्तू पारखायचं अंग घराण्यातच होतं.

“विचार करून नेलं. गोळ्या-चॉकलेटं नेली नाहीत, पोरांना हात पसरायची सवय लागते. जुने कपडे नेले नाहीत, समोरच्याला कमीपणा वाटतो. त्यांच्या रोजच्या कामाचं तेवढंच नेलं. गोधडीच्या जाड सुया. दोऱ्याची रिळं. काड्यापेट्या. अंगाचा साबण. अंधारात पायाखालचं दिसावं म्हणून बॅटऱ्या. सगळं हलकं, छोटं आणि टिकाऊ.”

आता खरं ते सांगायला हवं. माणूस हुशार होता. वाडीला नेमकं काय लागतं हे त्याने बरोबर हेरलं होतं. त्याच हिवाळ्यात आमच्या घरातली गोधडीची सुई मोडली होती.

“सगळं वाटलंस?” बाबांनी विचारलं.

“सगळं. दारोदार.”

“आणि त्यांनी काय दिलं?”

“द्यायला धावले होते ना! कुणी नाचणी, कुणी मध. एक म्हातारी तर भाकरी घेऊन वाडीच्या टोकापर्यंत माझ्या मागे आली. मी कशाला हात लावला नाही. हात जोडून म्हटलं, ‘आजी, आम्ही देणारी माणसं, घेणारी नव्हे.’”

बाबांचा हात लाकडावरच थांबला.

“पाणी तरी प्यायलास?”

“नाही. बाटली बरोबर होती.”

“पाणीसुद्धा नाही...”

“पाणीसुद्धा नाही,” श्रीरंग ताठ बसून म्हणाला.

धुनी तडतडली. बाबांनी लाकूड आत सारलं.

“ती म्हातारी काय म्हणाली?”

“कोणती?”

“भाकरीवाली.”

“काही नाही. ‘बरं’ म्हणाली.”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

“ठकूबाई ‘बरं’ म्हणाली...”

माझ्या सासूबाईंचं ‘बरं’ ज्याने ऐकलं आहे, त्यालाच बाबांनी डोळे का मिटले ते कळेल. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या भांडत असतात तोवर घाबरायचं कारण नसतं. ‘बरं’ म्हणाल्या की घरातली माणसं आपापली कामं काढून बाहेर पडतात.

“उद्या वर जाऊ,” बाबा म्हणाले.

“तुमचे गुडघे?”

“त्यांनाही नेऊ.”

“आणि झोळीचं?”

“जाऊन आल्यावर बघू.”

श्रीरंग लगेच उठला. “मग मी आत्ताच पेठेत जाऊन येतो. दादाला सांगून या वेळी ब्लँकेटं—”

“काही आणायचं नाही.”

“काहीच नाही?”

“शिदोरीही नाही. बाटलीही नाही.”

“बाबा, हात हलवत कुणाच्या दारात जायचं?”

“हो. हात हलवत.”

“मला लाज वाटेल.”

“वाटू दे,” बाबा म्हणाले आणि धुनीकडे वळले.

सकाळी दोघे निघाले. बाबांच्या खांद्यावर रिकामी झोळी, श्रीरंगच्या हातात काही नाही. हातांचं काय करावं हे त्याला कळेना. कधी मागे बांधायचा, कधी कमरेवर ठेवायचा.

चढ उभा आहे. बाबा दर वळणावर दगड बघून बसायचे. श्रीरंग पुढे जायचा, पुन्हा मागे यायचा.

“झोळी मी घेऊ का?” त्याने एका वळणावर विचारलं.

“नको.”

“ओझं कमी होईल.”

“रिकाम्या झोळीचं कसलं ओझं?”

थोडं चढल्यावर त्याला पुन्हा राहवेना.

“आता तुम्ही स्वतःच बघाल, बाबा. घराघरात माझी सुई चालत असेल. बायका दुवा देत असतील.”

बाबांना दम लागला होता. ते पुढचा दगड बघून टेकले.

दोघे डोंगराच्या दांडावर, आमच्या वाडीत आले तेव्हा मी शेजारून विस्तव घेऊन येत होते. खापरीत चार निखारे, वर राख, आणि वारा लागू नये म्हणून पदर आडवा धरलेला.

श्रीरंगने मला वाटेतच थांबवलं.

“ताई, विस्तव मागून आणता?”

“व्हय. रातच्याला इझला.”

“मी काड्यापेटी दिली होती ना?”

“हाय की.”

“संपली?”

“न्हाई. भरल्याली हाय.”

“मग?”

 मी ओट्याकडे बघितलं. ओट्यावर आत्याबाई बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात गोधडी पसरलेली. अर्धी शिवलेली, अर्धी नुसत्या टाक्यांवर धरलेली. मागच्या हिवाळ्यापासून ती तशीच होती, आणि थंडीत आम्ही तिच्या शिवलेल्या अर्ध्या भागात आळीपाळीने झोपत होतो.

आत्याबाई उठल्या. बाबांच्या पाया पडल्या. मग श्रीरंगला निरखून बघितलं.

“आलात? लई बरं झालं. तुमची ठेव न्यायला आलात न्हवं?”

“कसली ठेव?”

“या आत.”

आमच्या घराच्या मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला, एक खुंटी आहे. पाहुण्याची खुंटी म्हणतो तिला. कुणी पाहुणा छत्री विसरला, टोपी विसरला, की तिथे अडकवायची. त्या खुंटीला एक फडकं बांधलेलं होतं. आत्याबाईंनी गाठ सोडून ते श्रीरंगपुढे उघडलं.

सुयांची पुडी, जशी दिली तशी. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, टोकसुद्धा सुटलेलं नाही. काड्यापेटी. बॅटरी. साबणाची वडी.

“साबनाचा कोपरा उंदरानं खाल्ला,” आत्याबाई म्हणाल्या. “त्येवढी माफी करा, म्हाराज. बाकी समदं जागच्या जागी हाय. बगून घ्या.”

श्रीरंगने पुडी उलटसुलट करून बघितली.

तोवर बाबा आल्याची बातमी वाडीभर झाली होती. आम्ही फडकं घेऊन पुन्हा ओट्यावर आलो, तर अंगणात माणसं जमली होती. बाबांसाठी जमली हे खरं, पण कुणीही मोकळ्या हाताने आलं नव्हतं. भिवाकाका बॅटरी घेऊन आले होते. तान्ही काकू साबण आणि रीळ पदरात धरून. शेजारच्या सगीच्या हातात काड्यापेटी.

“आमचंबी घेऊन जावा,” भिवाकाका म्हणाले. “संबाळून संबाळून जीव दमला.”

श्रीरंगच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“अहो, हे मी तुमच्यासाठी आणलं होतं! वापरायला!”

“वापरावं कसं?” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. “आमचं हाय का त्ये?”

“मी दिलं ना तुम्हाला!”

“दिलंत. पर घेतलं काय?”

आमची रीत सांगते. थोडीफार तुमच्याकडेही असेल. शेजारणीने वाटीतून कालवण पाठवलं, तर तिची वाटी आपण रिकामी परत देत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतो. हिरडदांडावर हीच रीत माणसालाही लावतात. काही घेऊन आलेला माणूस मोकळ्या हाताने खाली उतरत नाही. उतरलाच, तर त्याने आणलेलं आमचं होत नाही. तो ते विसरून गेला, असं आम्ही धरतो. विसरलेली वस्तू वापरायची नसते. ती खुंटीला लावायची आणि माणसाची वाट बघायची.

बाहेरचे लोक याला अडाणीपणा म्हणतात. म्हणोत.

“पण मी सांगितलं होतं तुम्हाला,” श्रीरंग म्हणाला, “की आम्हाला काही नको.”

“सांगितलंत की. समद्या वाडीम्होरं सांगितलंत.” आत्याबाईंनी फडकं पुन्हा बांधलं. “आमी देनारी मानसं, असं म्हनलात. मंग आमी कोन, म्हाराज?”

 उत्तर नसलं की माणूस चिडतो, तसा श्रीरंग चिडला.

“सुई समोर टांगलेली, आणि तुम्ही थंडीत अर्ध्या गोधडीवर झोपलात?”

“व्हय.”

“हट्ट आहे हा!”

“व्हय.”

मला आत्याबाईंचा असा अभिमान वाटला, की विस्तवाची खापरी हातात आहे हेही मी विसरले. रात्री कुडकुडताना वाटला नव्हता, हेही सांगून टाकते.

श्रीरंग बाबांकडे वळला. बाबा ओट्याच्या कडेला बसून गुडघे चोळत होते.

“बाबा, तुम्हीच सांगा यांना काहीतरी. तुमचं ऐकतील.”

बाबांनी गुडघ्यावरचे हात काढले. कफनीचं टोक दोन्ही हातांत धरलं.

आणि टर्रकन फाडलं.

 कफनी जुनी होती पण चांगली धड होती. आता गुडघ्यावर वीतभर फाटून लोंबू लागली.

“ठकूबाई,” बाबा म्हणाले, “एवढं शिवून देतेस का?”

आत्याबाई तशा सहज गोंधळणाऱ्या नाहीत. पण त्या गोंधळल्या.

“देते की, बाबा. इच्यारायचं काय त्यात? पर... माजी सुई मोडलीया.”

“दुसरी नाही?”

आत्याबाईंनी फडक्याकडे बघितलं.

“एक हाय. पर ती ह्या म्हाराजांची.”

“मग त्याला विचार.”

बाबा फाटलेली कफनी मांडीवर सारखी करून वाट बघत बसले. जणू याच कामासाठी ते एवढा घाट चढून आले होते.

माझ्या सासूबाईंनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. विस्तवसुद्धा त्या मलाच आणायला पाठवतात. त्या श्रीरंगपुढे जाऊन उभ्या राहिल्या. पदर सावरला.

“म्हाराज, सुई घेऊ का?”

“घ्या की! तुमचीच आहे, किती वेळा—”

“तसं न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “मी काय देऊ?”

श्रीरंगचे हात आपोआप जोडले जाऊ लागले. ‘मला काही नको’ हे शब्द त्याच्या ओठावर आले होते, मला दिसले ते. त्याने बाबांकडे बघितलं. बाबा कफनीच्या भोकातून दिसणाऱ्या आपल्या गुडघ्याकडे बघत होते.

वारा सुटला होता. माणसं हातातल्या वस्तू तशाच धरून उभी होती. भिवाकाकांनी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

सकाळपासून श्रीरंगच्या पोटात काही नव्हतं. घोटभर पाणीही नव्हतं. मोठ्या दुकानदाराचा धाकटा भाऊ. कुणाकडे काही मागायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. लहानपणी मागायच्या आधीच ताट समोर यायचं, आणि मठात आल्यापासून त्याने गरजाच कमी करून टाकल्या होत्या. तो कशात अडकला आहे हे मला तेव्हा कळलं, आणि त्याची दया आली.

“भाकरी...” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “भाकरी आहे का?”

“कुनाला?” आत्याबाईंनी विचारलं.

“मला.”

“वाऱ्यात ऐकू येत न्हाई, बाबा.”

खोटं. आत्याबाईंना कणगीतल्या उंदराचं पाऊल ऐकू येतं.

श्रीरंगने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, रागाचं की कशाचं ते मला सांगता येणार नाही.

“मला भाकरी द्या, ठकूबाई. भूक लागली आहे.” मग थोडं थांबून म्हणाला, “आणि पाणी.”

“असं बोला की!”

आत्याबाई आत गेल्या त्या तरण्या पोरीच्या चालीने. रात्रीची नाचणीची भाकरी, वर कारळ्याच्या चटणीचा गोळा. श्रीरंगने घ्यायला एक हात पुढे केला. भाकरी मोठी, ती हातातून वाकली, चटणी घसरली. मग त्याने दुसरा हातही पुढे करून ओंजळ केली. घेण्याची रीत त्याला खरंच ठाऊक नव्हती.

तो ओट्यावर बसून जेवला. आत्याबाई समोर कमरेवर हात ठेवून उभ्या. चटणी तिखट होती. तो घाम पुसत होता, पाणी पीत होता, आणि खात होता. अर्धी भाकरी पोटात गेलेली दिसल्यावरच त्या फडक्याकडे वळल्या. सुयांची पुडी सोडली, एक सुई काढली, उजेडात धरून बघितली.

“आता माजी,” त्या म्हणाल्या.

मी फडक्यातली काड्यापेटी घेऊन चुलीपाशी गेले आणि काडी ओढली. निखाऱ्यांवर चूल पेटलीच असती. उगीचच ओढली. इतके महिने ती पेटी नुसती बघत होते मी.

बाहेर येऊन बघते तर आत्याबाई बाबांच्या पायाशी बसून कफनीला टाके घालत होत्या, आणि श्रीरंगभोवती गर्दी.

“माझ्या साबनाचं काय घेता?” तान्ही काकू विचारत होती. “मध हाय. कालच काडलाय.”

“द्या.”

“आनि माझ्या काड्यापेटीचं?” सगीने सुपातून नाचणी आणली होती. श्रीरंगने उपरणं पसरलं.

कुणी दुधी दिला. कुणी कारवीची झाडणी. कुणी घाटाला लागेल म्हणून काठी दिली. नको म्हणायची सोय राहिली नव्हती, कारण नको म्हटलं की त्याने दिलेली वस्तू परत त्याच्याच अंगावर. त्याला हे आता कळलं होतं. जो येईल त्याच्यापुढे तो दोन्ही हात करत होता.

शेवटी भिवाकाका आले. बगलेत कोंबडी.

“काका, मी मांस-मच्छी खात नाही.”

“खा कोन म्हनतंय? पाळा. ब्याटरी भारी हाय तुमची, त्येवढंच द्यायला पायजे.”

श्रीरंग हसला. आमच्या वाडीत तो पहिल्यांदा हसला.

एवढं सगळं न्यायचं कशात? उपरणं नाचणीने भरलेलं, हातात काठी, बगलेत कोंबडी. बाबा उठले. त्यांनी आपल्या खांद्यावरची झोळी काढली, श्रीरंगच्या खांद्यावर अडकवली, आणि त्यात दुधी टाकला. मग मधाची बाटली. मग उपरण्यातली नाचणी ओतली.  भरायला दुसरं काही नव्हतंच.

वाडीच्या टोकापर्यंत आम्ही सगळे पोचवायला गेलो. मागच्या साली आत्याबाई जिथून भाकरी घेऊन परत फिरल्या होत्या, तिथेच उभ्या राहिल्या.

“येवा परत,” त्या म्हणाल्या.

“येईन.” श्रीरंग थोडा घुटमळला. “येताना काय आणू?”

हे त्याने मागच्या साली विचारलं नव्हतं.

“दोरा आना. काळा. पांढरा लई मळतो.”

“आणतो.”

“आन् मी काय करून ठिवू?”

“भाकरीच,” तो म्हणाला. “चटणी जरा कमी तिखट.”

“त्ये जमायचं न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही सगळे हसलो. आत्याबाई हसल्या नाहीत, पण त्यांची मान अशी ताठ झाली होती, की डोक्यावर घागर असती तर हलली नसती. माझीही झाली होती. त्या रात्री आम्ही पुरी गोधडी अंगावर घेतली.

उतरताना बाबांचे गुडघे जास्त दुखतात. ते श्रीरंगच्या खांद्याचा आधार घेऊन उतरले, ज्या खांद्यावर झोळी होती त्याच खांद्याचा. चढताना मोकळा असलेला माणूस ओझ्याने वाकला होता. मध्येच कोंबडी ओरडायची. 

मठात पोचल्यावर श्रीरंगने कोंबडी ओसरीच्या खांबाला बांधली. झोळीतून एकेक वस्तू बाहेर काढली. नाचणी कणगीत ओतली. झोळी उलटी करून झटकली, चार दाणे पडले तेही वेचले. मग तिची नीट घडी घातली.

बाबा धुनीपाशी बसले होते. कफनीवरच्या पांढऱ्या टाक्यांवरून अंगठा फिरवत होते.

श्रीरंग समोर आला. या वेळी त्याने कधी म्हणून विचारलं नाही. गुडघे टेकले, आणि दोन्ही हातांवर झोळी ठेवून पुढे केली.

“बाबा, तुमची झोळी.”

बाबांनी झोळीकडे बघितलं. हात पुढे केले नाहीत.

“रिकामी...?” ते म्हणाले. “रिकामी परत देतात होय?”